वर्णन लिहायचंय? मग आधी डोळे मिटा

यंदा तुम्ही कुठेतरी जाऊन आलात आणि परतल्यावर हाताला खाज सुटली असेल, तर घाबरू नका. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून श्रावण उलटला की मराठी माणसाला ही खाज सुटतेच. औषध नाही, पण पथ्य आहे आणि ते मी सांगू शकतो. गेली बावीस वर्षं मी प्रवासवर्णनं लिहितो आहे. त्यातल्या काही ठिकाणी मी गेलोही आहे.

पहिलं पथ्य म्हणजे शक्यतो पाहू नका. जायला हरकत नाही, फोटो काढायला तर मुळीच नाही, पण पाहणं टाळा. पाहिलं की घात होतो. भर पावसातला धबधबा दुरून दुधासारखा असतो. जवळ गेलं तर तो चहासारखा निघतो, कारण वरची सगळी माती घेऊन तो खाली येत असतो. आता 'चहासारखा फेसाळणारा धबधबा' असं लिहिणार का तुम्ही? संपादक विचारेल, साखर किती? म्हणून दूध दुरूनच घ्यावं.

न पाहता जमेल का, अशी शंका तुम्हाला येईल. अहो, जमवलंय तुम्ही. सहावीत 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिलात तो आठवा. त्या दिवशी खरं काय झालं होतं? डबक्यात पाय गेला, एक चप्पल चिखलात राहिली, दप्तरातलं भूगोलाचं पुस्तक भिजून फुगलं आणि आई म्हणाली, "आता वाळव ते तव्यावर." यातलं एक अक्षर तरी निबंधात आलं का? निबंधात धरतीमातेनं हिरवा शालू नेसला होता. बाईंनी शालूखाली लाल रेघ ओढून 'छान!' लिहिलं. चप्पल लिहिली असतीत तर 'विषयांतर' लिहिलं असतं. शालू म्हणजे लग्नातलं वस्त्र. बनारसी, जरीचं, एरवी कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवायचं. आषाढात पोटरीभर चिखलात भातलावणीला वाकलेली बाई तो नेसेल का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. आता तुम्हीही पाडून घेऊ नका.

आणि हे मी मनचं सांगत नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर या संस्कृत पंडितानं 'काव्यमीमांसे'त कवींसाठी चक्क परवाना काढून ठेवला आहे. त्याला कविसमय म्हणतात. कुठल्याही नदीत कमळं घालावीत, नुसतं पाणी दिसलं की हंस सोडावेत, डोंगर दिसला की त्यात सोनं आणि रत्नं सांगावीत. तिथं ती असोत वा नसोत. एवढी सोय पूर्वजांनी करून ठेवल्यावर आपण मुठेच्या काठी उभं राहून नाक मुरडण्यात अर्थ नाही. मुठेत खरोखर जे हिरवं तरंगतं त्याला जलपर्णी म्हणतात, आणि तो शब्द वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच शोभतो. आपण कमळं घालावीत.

पक्ष्यांचंही तसंच. चातक फक्त पावसाचा थेंब पितो, एवढंच आपल्याला पुरे. खरा चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून पावसाच्या तोंडावर इथं येतो, केसाळ सुरवंट गिळतो आणि सातभाईंच्या घरट्यात गुपचूप अंडी घालून मोकळा होतो. इतक्या उद्योगी प्राण्याला विरही कसं म्हणणार? कोकिळेचं प्रकरण आणखी नाजूक आहे. 'कुहू' गातो तो काळा नर. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. तिचा गळा म्हणजे नुसतं किक-किक. तरी आपण 'कोकिळा गाऊ लागली' असंच लिहायचं. गाणं बाप्याचं आणि नाव बाईचं, असं जगात फार क्वचित होतं. एवढं एक राहू द्यावं.

इथं एखादा खवचट वाचक ज्ञानेश्वरांचं नाव काढील. चांदणं पिणारा चकोर त्यांच्याकडेही आहेच की! आहे ना. पण १२९० साली त्यांनी आणलं ते चकोराचं पिल्लू, शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण मवाळ मनानं वेचणारं. पिल्लू दाणा कसं टिपतं, हे कधीतरी अंगणात बसून पाहिलं असेल, मग ते कोंबडीचं का असेना, तरच अशी ओवी सुचते. हा मार्ग आपला नव्हे. अंगणात बसायला वेळ कुणाला आहे? आपण पूर्ण वाढ झालेला चकोर घ्यावा. तयार मिळतो.

आता रंग. रंगाला कधी एकटं बाहेर पाठवू नका. हिरवा निघाला की मागे गार हवं, पिवळ्याच्या मागे धमक, लालच्या मागे भडक, निळ्याच्या मागे शार, काळ्याच्या मागे कुट्ट. ही लग्नं आपल्या पणजीच्या आधी लागलेली आहेत. तुम्ही काडीमोड करायला जाऊ नका. आमची बायको साडीच्या दुकानात उभी राहिली की आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, गुलबक्षी अशी नावं सटासट घेते आणि दुकानदाराला तीही कमी पडतात. तीच बाई महाबळेश्वरच्या कड्यावर उभी राहून म्हणते, "अय्या, किती हिरवंगार!" मला तिचा अभिमान वाटतो. साडीचे पैसे पडतात, निसर्ग फुकट असतो, हे तिला बरोबर कळलं आहे.

पावसाच्या शब्दांबाबत तर फारच कडक राहा. मराठीत या बाबतीत भलताच पसारा आहे. वळीव वेगळा, झड वेगळी, सर वेगळी, संततधार वेगळी. नुसती पिरपिर निराळी आणि तोंडावर बसणारी भुरभुर निराळी. शिवाय मध्येच 'उघडीप' म्हणून एक भानगड असते, जिच्यात बाया घाईघाईनं दोरीवर कपडे टाकतात. हे शब्द वापरलेत की तुम्ही खरंच तिथं भिजत उभे होतात असा संशय येतो. आपल्याला दोनच पुरेत : रिमझिम आणि मुसळधार. प्रेमप्रसंग असेल तर पहिला, बस चुकली असेल तर दुसरा.

यानंतर चेतनगुणोक्ती. वारा कुजबुजला पाहिजे, झरा खळखळून हसला पाहिजे, वेलींनी लाजायचं, डोंगरानं ध्यानाला बसायचं आणि ढगांनी खाली उतरून त्याचे मुके घ्यायचे. सगळा आसमंत कामाला लावा. लेखात निर्जीव कुणी उरलाच तर तो लेखक.

इतर अलंकार गरजेप्रमाणे. काहीच सुचेनासं झालं तर अनन्वय आहे : 'कास म्हणजे कासच!' एखाद्या गोष्टीला तिचीच उपमा देणं हा अलंकार असतो, हे शाळेत घोकल्याचा एवढा तरी उपयोग करून घ्या. अपन्हुती मात्र जपून वापरा. 'ही फुले नव्हेतच, या तर भूमीवर उतरलेल्या तारका!' असं छापून आलं, तर फुलांसाठी तिकीट काढलेले लोक फाटकावर पैसे परत मागतील. आणि बाराशेएक शब्द झाले की 'हे सौंदर्य शब्दांत पकडणे केवळ अशक्य' असं न विसरता लिहा. आधी लिहू नका. आधी लिहिलंत तर मानधन शब्दांवर असतं, हे लक्षात ठेवा.

व्याकरणाच्या पुस्तकात अलंकारांच्या गर्दीत स्वभावोक्ती नावाचा एक अलंकार दबून बसलेला असतो. ते पान उघडू नका. आहे ते जसं आहे तसं, पण नेमकं सांगणं हासुद्धा अलंकारच, असा त्या पुस्तकाचा दावा आहे. उदाहरण बहुतेक वेळा रेव्हरंड टिळकांच्या मेलेल्या पक्षिणीचं असतं. पंख मातीत पसरलेले, पोट वर, चोच उघडी, पाय ताणलेले. 'जणू' नाही, 'गमे' नाही, 'परी' नाही. आणि तरी शाळा सुटून तीस वर्षं झाली तरी ती उघडी चोच माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सुट्टीच्या दिवशी अंक चाळणाऱ्या वाचकाला असला त्रास देण्याचा आपल्याला काय अधिकार?

जुने लोक तसे भांडखोरच. भामह या संस्कृत काव्यशास्त्रकारानं एक वाक्य उदाहरणादाखल घेतलं : सूर्य मावळला, चंद्र झळकतो आहे, पक्षी घरट्यांकडे निघाले आहेत. आणि विचारलं, हे काय काव्य? ही तर नुसती वार्ता! त्यानं नापास केलेलं तेच वाक्य आज आपल्या दर तिसऱ्या लेखाचा शेवट आहे, आणि पक्षी अजून निघालेलेच आहेत. दुसरा तो अकराव्या शतकातला क्षेमेंद्र. त्याचं म्हणणं, कमरपट्टा गळ्यात घातला आणि हार कमरेला बांधला तर लोक हसणार नाहीत का? अलंकाराला शोभा येते ती औचित्यानं. क्षेमेंद्र काश्मीरचा. काश्मीरहून केशर आणावं, शाली आणाव्यात. सल्ले आणू नयेत.

एवढी पथ्यं सांगून झाल्यावर माझ्या हातून एकदा कुपथ्य झालं, तेही सांगायला हवं. म्हणजे तुम्ही सावध राहाल.

दोन वर्षांपूर्वी मी कासच्या पठाराचं वर्णन पुण्यात बसून लिहून ठेवलं होतं. सोळाशे शब्द. गालिचा चार वेळा, मुक्तहस्ते उधळण दोन वेळा, डोळ्यांचं पारणं एकदा. साताऱ्याजवळचं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि फुलझाडांच्या साडेआठशेच्या आसपास जाती तिथं आहेत, एवढी माहितीही पेरली होती. जायचं फक्त फोटोपुरतं राहिलं होतं. सप्टेंबरात गेलो. गाडी खाली लावायची, पुढे पठार सांभाळणाऱ्या समितीच्या बसनं जायचं. बसमध्ये ओल्या रेनकोटांचा आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या भाजलेल्या कणसाचा वास भरला होता. लेखात मी 'पहिल्या पावसाचा मृद्गंध' लिहिला होता. पहिला पाऊस पडून तेव्हा तीन महिने झाले होते.

वर धुकं होतं. गालिचा दिसेना. दहा पावलांपलीकडे काहीच दिसेना. लांबचं दिसत नाही म्हटल्यावर माणूस नाइलाजानं पायाखाली पाहतो, आणि तिथंच मी फसलो. पायाखाली काळपट जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ होता आणि त्यावर कुठं बोटभर, कुठं तेवढीही नाही अशी माती. त्या मातीत पाणी साचून राहिलेलं. गुडघ्यापर्यंतसुद्धा येणार नाही असं सगळं खुजं, दाट, ओलं.

"काका, पाय मागं घ्या. खाली सीतेची आसवं हायती."

जवळच्याच गावातली बाई होती, अंगावर समितीचं जाकीट. मी पाय मागं घेतला. करंगळीच्या नखाएवढी निळी-जांभळी फुलं, काडीच्या टोकावर एकेक. मी खूश. वनवास, विरह, अश्रू, सगळं आयतं! वहीत 'निसर्गाने ढाळलेले अश्रू' एवढं लिहिलं तोवर ती म्हणाली, "मुळापाशी बारीक फुगे असत्यात. त्यात किडं अडकत्यात. मग ती खाती."

"कोण खाते?"

"सीतेची आसवंच की. इथं मातीत काय दम न्हाई. पोट भरायला नगं?"

मी पान उलटलं. दोन पावलांवर तांबूस पानांच्या टोकाटोकाला थेंब चमकत होते. हे तरी हक्काचं. दवबिंदू! मोत्यांची उपमा इथं बसली नाही तर कुठं? बाई म्हणाली, "व्हय, दवबिंदूच म्हंत्यात त्याला." पुढं वाकून तिनं दाखवलं. एका थेंबात बारीक माशी चिकटली होती आणि पान तिच्याभोवती सावकाश वळत होतं. ऊन पडलं की दव वाळतं. हे वाळत नाही. डिंक असतो तो.

मग कारवीच्या झुडपांचं सांगू लागली. सड्यावरची टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, हे मला माहीत होतं. लेखात 'सप्तवार्षिक तपश्चर्या' म्हणून आलंही होतं. उताराकडे हात करून ती म्हणाली, "ती खालची उंच कारवी येगळी. आमचं जुनं घर तिच्याच कुडाचं. वरनं शेणमाती लिंपायची. पोरापोरींनी रेलायचं न्हाई भितीला, आजी काठी घिऊनच बसायची." तेवढ्यात तिनं वर पाहिलं. मला तिथं पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. "चला माघारी," ती म्हणाली, "झड लागंल आता." लागली.

घरी आलो आणि अक्कल गहाण टाकून लेखात एक परिच्छेद वाढवला. अश्रू किडे कसे खातात, थेंबात माशी कशी अडकते, आजी काठी घेऊन भिंतीची राखण कशी करते. उपमा एकही नव्हती. सुचली नाही, असं नाही. जागाच उरली नव्हती.

चौथ्या दिवशी संपादकांचा फोन आला. लेख आवडला होता. गालिचा विशेष आवडला होता. "फक्त ते किड्यांचं काढू या," ते म्हणाले, "दिवाळी आहे हो. अश्रू ठेवा, ते छान आहेत. ती आजी कशाला आली तेही कळलं नाही. आणि शेवट जरा ओढल्यासारखा वाटतो. एवढं करा, पक्षी घरट्यांकडे पाठवा."

पाठवले. धुक्यात त्या दिवशी एक कावळासुद्धा दिसला नव्हता, पण थव्यानं पाठवले.