राणी कॅथरिनच्या चित्राबद्दल आमचं उत्तर

नमस्कार सर,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, "१६६२ सालचं एनग्रेव्हिंग म्हणून ४,८०० रुपये घेतले. हातात आलं ते पुस्तकातून काढलेलं डागाळ पान. मोबाईलवर झूम केलं तर नुसते ठिपके, म्हणजे सरळसरळ झेरॉक्स."

आधी आमची चूक. वेबसाइटवर नावासमोर '१६६२' ठळक छापलं होतं. ते या पोर्तुगीज राजकन्येच्या इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झालेल्या लग्नाचं साल. छपाई १८३०च्या दशकातली, हे खाली बारीक अक्षरांत होतं. कोणाचाही गैरसमज होईल. पान पुस्तकातून सुटं केलेलं आहे, हे तर लिहायचंच राहिलं. डागही फोटोत फिके दिसत होते. तिन्ही गोष्टींसाठी माफी मागतो. मजकूर आणि फोटो काल बदलले.

पण सर, ती झेरॉक्स नाही. एनग्रेव्हिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर कोरून तिच्यावरून छापलेलं चित्र. या ठिपक्यांच्या कामाला स्टिपल म्हणतात. कारागीर धातूच्या प्लेटवर एकेक ठिपका टोचतो. गालावर विरळ, सावलीत दाट. दहापट भिंगातून हनुवटीखाली बघा. आजच्या ऑफसेट छपाईचे ठिपके जाळीसारखे ओळीत बसतात, इंकजेट प्रिंटरचे शिंतोड्यांसारखे दिसतात. इथे प्रत्येक ठिपक्याचं अंतर हाताने ठरलेलं आहे, आणि कपाळाच्या उजेडात ते इतके विरळ होतात की नुसता कागदच उरतो. चित्राखाली डावीकडे मूळ चित्रकार लेलीचं नाव आहे, उजवीकडे कोरणाऱ्याचं. कागद उजेडात तिरपा धरलात तर त्या अक्षरांची शाई किंचित उठलेली दिसेल.

१८३०च्या त्या काळात तांब्याऐवजी पोलादी प्लेटा आल्या होत्या. तांबं लवकर झिजतं. पोलादावर हजारो प्रती निघत, म्हणून अशी चित्रं पुस्तकांत बांधली गेली आणि म्हणून आजही आपल्या आवाक्यात आहेत.

तांबूस डाग जुन्या कागदाला दमटपणाने पडतात. ब्लीच केलं तर जातील, पण कागद कमजोर होतो. आम्ही ते करत नाही.

मी गिरगावात वाढलो. १६६१च्या तहात मुंबई बेट या राणीच्या हुंड्यात इंग्रजांकडे गेलं आणि १६६८ साली राजाने ते वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. त्या बाईचा चेहरा मुंबईतल्या घरात लागावा, असं मला फार वाटतं. म्हणूनच हे चित्र आणलं होतं.

तुम्हाला नको असेल तर पूर्ण पैसे परत, कुरिअरचा खर्च आमचा. घाई नसेल तर चित्र घेऊन दुकानात या, भिंगाखाली सोबत बघू. नंतरही परत करायचं असेल तर तिथेच पैसे देतो. पाठवणार असाल तर गुंडाळी मात्र करू नका. आमच्याच दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा आणि कागदाला टेप लागू देऊ नका.