म्हणे हात लावू नको!

सकाळी साडेसहाला घरातून निघालो तेव्हा मी फार खुशीत होतो, हे आधीच सांगून ठेवतो. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि डोकं अजून ठणकतंय.

तळेगावला माझ्या मित्राच्या बंगल्यामागे रेल्वे आहे. हसू नका. चाळीसेक मीटरची लाइन आहे, चाफ्याला वळसा घालून, पाण्याच्या टाकीमागून, कढीपत्त्याखालच्या पुलावरून परत अंगणात येणारी. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या ट्रस्टवर जातात, सोसायटीत भांडणं लावतात. हा गडी कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये जाऊन आला आणि त्याचं डोकंच फिरलं. तिथलं सगळं १:८७ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान, आणि छपराखालचं. ह्याला उन्हापावसात चालणारं हवं होतं.

ह्याचे रूळ पितळी, दोन रुळांत अंतर ४५ मिलिमीटर. मूळ हिशोबाने ही मीटरगेजची, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेल्या रेल्वेची, २२.५ पट लहान आवृत्ती. पण हा पठ्ठ्या बार्शीचा, वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात. त्यामुळे त्याच्या लेखी ही बार्शी लाईट, तिकडची जुनी अरुंद रुळांची रेल्वे. अरे बाबा, बार्शी लाईट अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर, तिचं माप धरलं तर पट सतरावर येते, तुझे डबे बारीक पडतात! हे मी दर खेपेला सांगतो. तो दर खेपेला "चहा घे" म्हणतो. १८९७ साली ती लाइन सुरू करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपबद्दल तो असा बोलतो जणू शेजारच्या वाड्यात राहायचा. (ह्याच कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. रेल्वेवाला माणूस!)

आज वाफेचं इंजिन काढायचं होतं. खऱ्या वाफेचं. बॉयलरमध्ये डिस्टिल्ड पाणी, गाडीच्या बॅटरीत घालतो तेच. लायटरमध्ये भरतात त्या गॅसचा कॅन. सिलिंडरसाठी काकवीसारखं दाट तेल. धुराड्याच्या तोंडाशी काडी धरली की "फक्" करून ज्योत आत जाते आणि मग बारीक घरघर सुरू होते. वाफेच्या दाबाचा काटा चढेपर्यंत पाचसात मिनिटं कोणी बोलत नाही. पहिल्या फेरीला धुराड्यातून गरम पाणी थुंकत जातं, म्हणून जवळ वाकायचं नाही. गॅस पाण्याच्या आधी संपतो, मुद्दामच तसं केलेलं असतं, नाहीतर कोरडा बॉयलर तापून कामातून जाईल. चालतं जेमतेम वीस मिनिटं. आणि एवढं तेल रुळांवर सांडून ठेवतं की नंतर विजेचं इंजिन लावलं तर ते जागच्या जागी आचके देतं. मग दोन म्हातारे गुडघ्यावर बसून रूळ पुसतात. नऊ वाजता पुलावर सरडा येऊन बसला, दहा मिनिटं लाइन ब्लॉक. हाकलायचा नाही, हा मित्राचा नियम. सांगतो काय, स्वर्ग होता.

अकराला वहिनींच्या नात्यातलं एक कुटुंब आलं. नवराबायको आणि सहा वर्षांचा मुलगा. नवऱ्याचा पहिला प्रश्न, "किती गेले ह्यात?" दुसरा, "नातवंडांसाठी केलंय का?" मोबाइल काढून रील. ठीक आहे, हे होतंच. पोरगं मात्र रुळाशी पालथं पडलं, गाल जमिनीला टेकवून. गाडी डोळ्यांच्या पातळीवरून जायला हवी, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. गार्डाचा डबा समोरून गेला तेव्हा त्याने एक बोट पुढे केलं. नुसतं बोट.

"हात लावू नकोस! महाग असतं ते! ऊठ आधी, पँट बघ!" त्याची आई ओरडली.

इथे माझं सटकलं.

कारण आमच्या घरी शोकेस होती. तुमच्याही होती, मला माहीत आहे. संगमरवरी ताजमहाल, शंख, डोळे मिटणारी बाहुली. आमच्या शोकेसमध्ये मधल्या कप्प्यात पत्र्याची चावीची आगगाडी होती, काकांनी १९७६ साली पश्चिम जर्मनीहून आणलेली. लाल इंजिन, तीन डबे. पाहुणे आले की अण्णा काच सरकवायचे, इंजिन तळहातावर घेऊन दाखवायचे आणि परत ठेवायचे. आम्ही दोघं भाऊ काचेला नाक लावून. ती गाडी कधी, एकदाही, जमिनीवर उतरली नाही. अरे चाकं आहेत ना तिला! मग कशाला दिली चाकं?

तर मी त्या बाईंना म्हणालो, "ताई, लावू दे हात. तुटली तर आम्ही दुरुस्त करू, आम्हाला दुसरं काम नाही." आवाज थोडा चढला असेल. मित्राने पोराच्या हातात शिट्टी दिली, "तू गार्ड. तू वाजवल्याशिवाय गाडी सुटणार नाही." पुढचे दोन तास त्या पोराने जी रेल्वे चालवली! आम्हा दोघांना थांबवून ठेवायचा, दोन्ही बाजूंना बघायचा, मग शिट्टी.

बॉयलरला बोट लागलं तर भाजतं, मान्य. एका इंजिनाच्या पैशात बरी सेकंडहँड बाईक येते, तेही मान्य. पण आपल्याकडे पोरांना रेल्वे दाखवतात ती स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर रंगवून ठेवलेली, भोवती साखळी. माथेरानच्या गाडीची जुनी जर्मन इंजिनं बघा, एक नेरळला उभं, एक दिल्लीच्या म्युझियममध्ये उभं. एक थेट इंग्लंडला गेलं, तिथले हौशी लोक त्याच्या बॉयलरची, चाकांची चर्चा करतात, आपण सेल्फी काढतो. जाऊ दे. जास्त बोललो की घसरतो मी.

अण्णांवर राग नाही. आता नाही. कारकुनी पगार, घरात परदेशातली वस्तू ती एकच. ती मोडली असती तर दुसरी आली नसती, हे त्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. शोकेस दर शनिवारी स्वतः पुसायचे. इंजिनाला खोबरेल तेलाचा हात लावायचे. कधीच चालवायचं नव्हतं त्या इंजिनाला.

खरं लिहायचं ते पुढे आहे, आणि ते लिहावं की नाही ह्यात एवढा वेळ गेला.

ती गाडी मी आज बरोबर नेली होती. स्प्रिंग गंजलीय का, मित्राला दाखवायला. जेवणं झाल्यावर ओटीवर शहाबादी फरशीवर जुन्या पंचातून सोडली. लाल रंग अजून तसाच. पोरगं शिट्टी गळ्यात घालून पळत आलं, "आजोबा, ही पण चालते?" आणि हात पुढे केला.

"अरे अरे, हात नको लावू!"

माझा आवाज. अगदी अण्णांचा सूर. पोराने हात मागे घेतला आणि पाठीमागे धरला. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मित्र आधीच चकचकीत असलेलं प्रेशर गेज पुसत बसला.

निघताना तो म्हणाला, ठेवून जा, आठवड्यात उघडून बघतो. मी म्हटलं, नको, पुढच्या वेळी आणतो.

आत्ता ती समोर डायनिंग टेबलावर आहे. चावी सुतळीने बांधलेली, गाठ अण्णांचीच. त्या ताईंचा नंबर वहिनींकडून मागवलाय, उद्या फोन करून पोराशी बोलेन. काय बोलणार ते अजून सुचलेलं नाही. हिला विचारलं, फिरवून बघू का चावी? म्हणाली, आधी जेवून घ्या, आमटी तिसऱ्यांदा गरम केलीय.