चहा स्वस्तच होता

परवा दादाचा व्हॉइस मेसेज आला. हिंदमाताजवळ गुडघाभर पाण्यात अडकला होता, मागे टॅक्सीवाल्यांचे हॉर्न. वैतागून म्हणाला, "अरे, इंग्रजच बरे होते. त्यांनी बांधलेलं अजून उभं आहे, आपलं दर पावसात वाहून जातं."

लालबागच्या आमच्या चाळीत हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. गॅलरीत, नळावर, गणपतीच्या मांडवात. बोलणारी माणसं वाईट नसतात, कावलेली असतात. पण बॉस्टनमध्ये अकरा वर्षं काढल्यावर मला ते ऐकवत नाही.

इथल्या एका इतिहास संस्थेने काचेच्या बाटलीत चहाची पत्ती जपून ठेवली आहे. काळपट, चुरा झालेली. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनकरांनी बंदरातल्या जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा समुद्रात ओतला, त्यातली किनाऱ्याला लागलेली ही पत्ती. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. वर्षाला दहा पौंड भाड्यावर १६६८ मध्ये जिला आपली मुंबई मिळाली, तीच ही कंपनी. १७७० च्या दुष्काळात बंगाल उपाशी मेला, पुढे कंपनीही कर्जात रुतली, गोदामांत चहा साचून राहिला. तो खपावा म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला आणि तिला तेव्हा इंग्रजांच्याच ताब्यात असलेल्या अमेरिकन वसाहतींत थेट माल पाठवायची मुभा दिली.

चहा महागला म्हणून अमेरिकन चिडले, असंच मीही समजत होतो. प्रत्यक्षात त्या कायद्याने चहा स्वस्त झाला. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा तसाच राहिला. मग स्वस्त चहा दारात आला असताना माणसं रात्रीची बोटीवर का चढली? तो कर लावणाऱ्या सभागृहात त्यांनी निवडलेला एकही माणूस नव्हता, म्हणून. तो स्वस्त चहा घेतला असता तर तो कर लावायचा हक्कही मान्य केल्यासारखं झालं असतं. अडीच वर्षांनी निघालेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा बराचसा भाग म्हणजे राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी आहे. आमच्या संमतीवाचून कर लावले, आमच्यात सैन्य आणून ठेवलं, न्यायाधीशांचे पगार मुठीत ठेवले. सत्तावीस तक्रारी मोजतात त्यात.

आता मुंबईकडे ये, दादा. सरकारला विलायती कापडावर जकात हवी होती. लँकेशायरचे गिरणीवाले ओरडले, म्हणून १८९६ मध्ये इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के कर बसवला. आपल्या परळ-लालबागच्या मागांवर विणलेल्या कापडावर, मँचेस्टरची समजूत काढायला! तो १९२५ पर्यंत टिकला.

त्याच १८९६ साली मांडवीत प्लेग आला. घरोघर झडत्या सुरू झाल्या, माणसं ओढून इस्पितळात नेली जाऊ लागली, परक्या माणसांनी बायकांची तपासणी करायची वेळ आली. रोग हटवायचा होता हे मला मान्य आहे. पण ज्यांच्या घरात शिरायचं त्यांना विचारलं कुणी? १८९८ च्या मार्चमध्ये याच तपासणीवरून शहरात दंगल पेटली. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एक दिवस. आणि १९४६ च्या फेब्रुवारीत कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या तळावरच्या खलाशांनी संप केला, त्याची सुरुवात निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या इथून झाली. मुंबईकर गेटवेवर त्यांच्यासाठी खाणं घेऊन गेले होते. गोदी, स्टेशनं, इमारती तेव्हाही दिमाखात उभ्या होत्या.

बॉस्टनला डोक्यावर घ्यावं असं मात्र मी म्हणत नाही. सर्व माणसं समान म्हणणाऱ्या पुढाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी गुलाम राबत होते. त्यांची तक्रार सत्तावीसांत नव्हती, गुलामगिरी कायद्याने संपायला १८६५ उजाडलं. आपल्याकडेही मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मंजूर केला, तरी १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना महाडला जाऊन चवदार तळ्याचं पाणी प्यावं लागलं. कुणाची तक्रार तक्रार म्हणून मोजायची, हे भांडण इंग्रजांच्या आधीचं आहे आणि नंतरचंही.

मी इथे कर भरतो, मला मत नाही. दर एप्रिलला विवरणपत्र भरताना ते खुपतं. पण मी आपल्या पायांनी आलो, उद्या परत येऊ शकतो. गिरणीतल्या साचेवाल्याला परत जायला दुसरा देश नव्हता.

म्हणून दादा, तुझा संताप खरा आहे, पण तो भलत्याच दारावर धडकतोय. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ मुंबईत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक कारभार बघत होता, कर आपण भरत होतो. आपल्या चाळीच्या ग्रुपवर त्या दिवसांत याबद्दल कुणी काय लिहिलं होतं, ते मी काल रात्री मागे जाऊन शोधत बसलो. तुंबलेल्या पाण्याचे फोटो सापडले, खड्ड्यांचे सापडले, 'इंग्रजच बरे' तर कितीदा. निवडणूक कधी, असं विचारणारी एक ओळ सापडली नाही. माझीसुद्धा.