साथ माणसाला आपोआप शहाणे करते, या दाव्याविषयी

गोव्यातील मराठी वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सरकारी आरोग्यशिक्षणाला जे पन्नास वर्षांत जमले नाही ते कोरोनाने दोन वर्षांत करून दाखवले, भीती बसली की माणसे सवयी बदलतात आणि त्या कायमच्या बदलतात, मेक्सिको, सुरत आणि आपले ओल्ड गोवा ही त्याची उदाहरणे, साथ डोळ्यांनी पाहूनही जे बदलले नाहीत ते अडाणी, माकडताप पाहूनही जंगलात जाणारे सत्तरी तालुक्यातील काजूवाले त्यांपैकीच, आणि म्हणून घरोघरी फिरणारे आरोग्य कर्मचारी व जनजागृती यांवरचा खर्च आता थांबवावा. मजकूर लिहिणाऱ्याने ही उदाहरणे हवेतून काढलेली नाहीत, त्यामुळे तो वाचताच पटतो. परंतु एकेक उदाहरण उघडून पाहिले की त्यातून वेगळेच काही निघते.

पहिला मुद्दा सवयी कायम राहण्याचा. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात कर्मचारी हात स्वच्छ करतात की नाही याची नोंद स्वयंचलित यंत्रे ठेवत होती, म्हणजे कोणी सांगितलेल्या उत्तरावर विसंबण्याचा प्रश्न नव्हता. मार्च २०२० च्या अखेरीस हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत ५० टक्क्यांच्या आसपास उतरले. हे लोक डॉक्टर आणि परिचारिका होते, साथ संपलेली नव्हती, आणि तरीही पाच महिन्यांत भीतीचा जोर ओसरला. आपल्या देशात जुलै २०२२ पासून ७५ दिवस अठरा वर्षांवरील सर्वांना कोविडचा तिसरा डोस मोफत दिला गेला. दुसरा डोस घेतलेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा लोकांनी तो घेतला. येथे लस होती, केंद्र जवळ होते, पैसे पडत नव्हते. त्यामुळे नुसती सोय केली की लोक येतात, असेही मला म्हणता येणार नाही; पण वर्षभरापूर्वी रांगा लावणारी भीती टिकली असती तर ही केंद्रे ओस पडली नसती.

मेक्सिकोचा दाखला मात्र वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. २००९ मध्ये तेथे स्वाइन फ्लूची साथ आली. आग्वेरो आणि बेलेचे या अर्थतज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की जेथे या तापाचा जोर अधिक होता तेथे पुढच्या काळात पाच वर्षांखालील मुलांचे अतिसाराचे प्रमाण अधिक घटले, आणि ही घट साथ ओसरल्यावरही टिकली. हात धुण्याची सवय लागल्याचे ते लक्षण मानले गेले. म्हणजे सवय टिकू शकते, हे मान्य. पण त्याच काळात मेक्सिकोच्या सरकारने देशभर शाळा बंद ठेवल्या होत्या आणि हात कसे व केव्हा धुवावेत याचा जोरदार प्रचार चालवला होता. ज्या प्रचारावरचा खर्च थांबवा असे हा मजकूर सांगतो, तोच त्याच्या सर्वांत भक्कम उदाहरणात ठासून भरलेला आहे.

सुरतेबाबत तर कालक्रमच उलटा लावला आहे. प्लेग सप्टेंबर १९९४ मध्ये आला, आणि भीतीने त्या वेळी लोकांना काय करायला लावले तर लाखोंनी शहर सोडले आणि टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकासाठी औषधांच्या दुकानांवर गर्दी केली. शहर स्वच्छ झाले ते १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आल्यानंतर. विभागवार जबाबदारी ठरली, अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरावे लागले, कचरा वेळेवर उचलला जाऊ लागला. साथीने राजकीय संधी दिली हे खरे. झाडू मात्र पगारी माणसांनी मारला.

ओल्ड गोवा म्हणजे साथींपायी सोडावी लागलेली पोर्तुगीजांची राजधानी; तिचा उल्लेख वाचून हसू आले. तेथे पटकीसारख्या रोगाची भयंकर साथ १५४३ मध्ये येऊन गेली, आणि गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात त्या रोगाचे वर्णनही केले. पोर्तुगीज व्हाइसरॉयने आपले निवासस्थान शेजारच्या पणेलीला हलवले १६९५ मध्ये आणि पणजीला १७५९ मध्ये. दोनशे वर्षांनी घेतलेल्या धड्याला धडा म्हणावे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

आता सत्तरी. या मजकुरातील सर्वांत अन्यायकारक वाक्य तेथील लोकांविषयी आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. माकडतापाचे रुग्ण गोव्यात २०१५ पासून सत्तरीच्या पाली, म्हाऊस अशा गावांतून आढळू लागले. हा रोग कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली ओळखला गेला आणि गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो. गोचिडीच्या लहान पिल्लांचा सुळसुळाट कोरड्या ऋतूत, साधारण डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत असतो, आणि काजूचा हंगाम नेमका त्याच दिवसांत येतो. पिकून पडलेली बोंडे पालापाचोळ्यातून वाकून वेचावी लागतात. आज वेचली नाहीत तर उद्या ती कुजतात आणि हुर्राक व फेणी या बोंडांच्या दारूचे उत्पन्न जाते. वर्षाची कमाई दोन-तीन महिन्यांत करणाऱ्याला 'जंगलात जाऊ नका' असे सांगणे म्हणजे हंगाम सोडून द्या असे सांगणे होय. शेजारी दगावलेला पाहून त्याला भीती वाटली नाही, असे कोणी समजू नये. लसीचे म्हणाल तर एक महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरा, आणि त्यापुढे पाच वर्षे दरवर्षी एक, असा तिचा क्रम होता. इंजेक्शन दुखणारे होते, आणि अखेर परिणामकारकतेविषयीच्या शंकांमुळे २०२२ मध्ये तिचा वापरच थांबवण्यात आला. तिच्याकडे पाठ फिरवणाऱ्याला अडाणी ठरवण्याची घाई करण्यात अर्थ नव्हता. गोचिडी दूर ठेवण्यासाठी अंगाला लावायचे डेपा तेल हंगामाच्या आधी घरी पोहोचणे, जंगलातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ करणे, ताप येताच जवळच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासून घेणे, ही हंगाम न बुडवता पाळता येण्याजोगी पथ्ये आहेत, आणि ती कोणीतरी वाड्यावर येऊन सांगावी लागतात.

भीती नेहमी योग्य दिशेनेच ढकलते, हे गृहीतकही तपासायला हवे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या घरझडत्यांच्या धास्तीने लोक रुग्ण लपवू लागले. कोरोनाच्या भीतीने आणि टाळेबंदीने २०२० मध्ये देशातील क्षयरुग्णांची नोंद आदल्या वर्षीच्या सुमारे २४ लाखांवरून १८ लाखांवर घसरली. क्षय कमी झाला नव्हता, रुग्ण तपासणीपर्यंत पोहोचत नव्हते. मुलांच्या नेहमीच्या लसी चुकल्या आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवरचा उद्रेक झाला. भीतीचा परिणाम सरकारांवरही होतो. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांनी प्रतिबंधासाठी आयव्हरमेक्टिन घ्यावे असे जाहीर केले, तेव्हा वैद्यकीय चाचण्यांबाहेर कोविडसाठी हे औषध वापरू नये असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच दिलेला होता.

राहिला खर्च थांबवण्याचा प्रस्ताव. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पणजीत आणि पुढे कांदोळी-कळंगुट भागात मलेरियाने डोके वर काढले. डास बांधकामांवर साचवलेल्या पाण्यात आणि उघड्या टाक्यांत वाढत होते, आणि ताप सर्वाधिक सोसणारे बाहेरून आलेले कामगार त्या पाण्याचे मालक नव्हते. त्यांच्या मनात कितीही भीती भरली असती तरी टाकीवर झाकण बसवणे त्यांच्या हाती नव्हते. कामगारांचे रक्त तपासून त्यांना आरोग्यपत्र देणे, कंत्राटदाराला नोटीस बजावणे, टाक्या आणि विहिरी पुन्हा पुन्हा तपासणे या कामातून हजारोंच्या घरातील रुग्णसंख्या खाली आली. नवे बांधकाम आजही रोज उभे राहते, नवे कामगार दर हंगामात येतात, आणि ज्यांचा पगार वाचवावा असे हा मजकूर सुचवतो तेच कर्मचारी ही टाकी उघडून पाहायला जातात.