तिळवणीच्या बियांवरचा आक्षेप : एका वाचकाला उत्तर

नमस्कार भाऊ,

पिवळी तिळवण हे पावसाळी तण, तिचं बी मोहरीसारखं फोडणीत घालता येतं, या आमच्या लेखावर तुम्ही रोखठोक लिहिलंत, बरं केलंत. तुमचे आक्षेप तीन. तिळवण मोहरीच्या कुळातली नाही. तिचं बी फोडणीत घालायला सांगणं म्हणजे लोकांना त्याच्याशी गफलत होऊन पिवळा धोतरा (विषारी बियांचं काटेरी तण, नेहमीचा धोतरा नव्हे) खाऊ घालणं. आणि ज्या तणाने सोयाबीनवाले वैतागलेत त्याचंच आम्ही कौतुक मांडलंय.

कुळाचं लवकर आटोपतं. तिळवण पूर्वी वाघाटीच्या कुळात धरत. १९९८च्या वर्गीकरणात ती मोहरीच्या कुळात गेली, २००९मध्ये तिचं कुळ वेगळं मानलं गेलं. ते मोहरीच्या कुळाला सगळ्यात जवळचं. सख्खी नाही, चुलत म्हणा. फूल हातात घेतलं की फरक दिसतो: पाकळ्या दोघींनाही चार, पण मोहरीला पुंकेसर सहा, त्यातले चार लांब नि दोन आखूड. पिवळ्या तिळवणीला दहा-वीस तरी असतात. तिची शेंग चिकट, केसाळ, उभ्या रेषांची आणि आत पडदा नसलेली.

पिवळ्या धोतऱ्याची भीती मात्र खरी आहे. १९९८मध्ये दिल्लीत त्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं आणि साठाहून जास्त माणसं दगावली. पाय सुजतात, दम लागतो, हृदयावर ताण येतो. पण भेसळ कशात झाली ते बघा: मोहरीत. धोतरा हिवाळ्यात वाढतो, त्याची बोंडं उन्हाळ्याच्या तोंडावर तडकतात, म्हणजे रब्बीच्या मोहरीच्याच सुमारास. तिळवण पावसाळ्यातली, भादवा-आश्विनात तिचं बी तयार होतं तेव्हा धोतऱ्याची सहसा रोपंच असतात. शिवाय धोतऱ्याच्या पानाला काटे, देठ मोडला की पिवळा चीक, फुलाला सहा पाकळ्या. झाडावरून शेंग स्वतः तोडणाऱ्याची गफलत व्हायला जागा नाही.

बाजारातून सुटं बी आणलं तर तपासा. पांढऱ्या ताटलीत चिमूटभर पसरून भिंगाखाली बघा. तिळवणीचं बी गोगलगायीसारखं वळलेलं, एका बाजूला खाच, अंगावर आडव्या सुरकुत्या. धोतऱ्याचं गोल, थोडं मोठं, जाळीदार खळग्यांचं, एका टोकाला बारीक चोच. मोहरी नुसत्या डोळ्याला गुळगुळीत दिसते. शंका आली की फेकून द्या. चव घेऊन ठरवू नका.

गोळा करताना बिघडतं ते दोन ठिकाणी. शेंग टोकाकडून उकलते, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर बी धुऱ्यावरच (बांधावरच) सांडतं. शेंगा पिवळट-तपकिरी झाल्या की सकाळी, दव असताना कापा आणि कापडावर तीन-चार दिवस वाळवा. दुसरं म्हणजे माती. हे झाड चिकट, त्याला धूळ बसते, आणि खळ्यावर झोडपलं तर बियांच्याच मापाची रेती मिसळते. ती चाळणीनेही निघत नाही, सुपानेही नाही. म्हणून झोडपायचं ते कापडावरच. हाताला आधी तेल लावलं तर चीक सुटतो. तणनाशक मारलेल्या वावरातलं किंवा डांबरी रस्त्याकडेचं बी घेऊच नका.

गढवालात हेच बी ‘जखिया’ म्हणून बटाट्याच्या नि अळकुडीच्या भाजीला फोडणीत घालतात. चार माणसांच्या भाजीला दोन चमचे तेल, अर्धा चमचा बी. मोहरीइतकी तडतड होत नाही, म्हणून लोक वाट बघत बसतात आणि बी जळून कडू होतं. तेल तापलं की टाका, रंग गडद होऊन वास सुटला की लगेच भाजी घाला. खाताना कुरकुरीत लागलं पाहिजे. (पानांचा रस ठणकत्या कानात पिळायची जुनी चाल आहे, तिला आमचा पाठिंबा नाही. कान फुटलेला असेल तर नुकसान होतं.)

तणाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, आणि लेखातही आम्ही पडीत नि धुऱ्यावरच्याच झाडांबद्दल लिहिलंय. सोयाबीनमध्ये तिळवण ठेवायचीच नाही. हिचं सगळं बी एका पावसात उगवत नाही, म्हणून डवऱ्याच्या (ओळींमधलं तण काढायच्या औताच्या) एका फेराने काम भागत नाही. ओळीतली झाडं डवऱ्याला सापडत नाहीत, ती निंदणात उपटावी लागतात, आणि तेही पहिली शेंग धरण्याआधी. शेंगा धरलेलं उपटलेलं झाड वावरातच टाकलं तर ते वाळता वाळताही बी सोडतं. ते धुऱ्यावर न्या, कापडावर टाका. बी तुम्हाला नको असेल तर तिथेच जाळा.