झेल्डाची धून ‘बोलेरो’ची नक्कल नाही

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेमची ओळख बनलेली धून म्हणजे फ्रेंच संगीतकार राव्हेल यांच्या ‘बोलेरो’ या वाद्यवृंद-रचनेची उचल, असं पसरतंय. तसं नाही. 1986च्या पहिल्या गेममध्ये सुरुवातीच्या पडद्यावर ‘बोलेरो’च वाजवायचं ठरलं होतं, हे खरं. पण ही रचना 1928ची, राव्हेल वारले 1937 साली. संगीतकाराच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षं टिकणारा कॉपीराइट अजून संपला नव्हता, हे अगदी शेवटी लक्षात आलं. मग संगीतकार कोजी कोंडो यांनी गेममधल्या भटकंतीसाठी आधीच रचलेली स्वतःची धून एका रात्रीत त्या पडद्यासाठी बेतून दिली. म्हणजे ‘एका रात्रीत सुचलेली धून’ असं म्हणतात, तेही अर्धसत्यच! रात्रीत झाली ती मांडणी. आणि ‘बोलेरो’ त्या गेममध्ये वाजलंच नाही.