वर्गातली चर्चा वेळीच कशी आवरावी

नववीचा भूगोलाचा तास, ३५ मिनिटं, पटावर ६० मुलं, आणि वरून सूचना आलीय : चर्चा घ्या. घाबरू नका. चर्चेची नोंद होईल आणि कुणी फारसं बोलणारही नाही, अशी सोय करता येते.

प्रश्न असा काढा की उत्तर एका सुरात येईल. 'पाणी म्हणजे जीवन आहे की नाही?' साठ जण 'होऽऽ' म्हणतील, विषय संपला. 'कृष्णेच्या पुराचं पाणी उचलून दुष्काळी जतला दिलं तर सांगलीचा पूर ओसरेल का?' असलं काही विचारू नका. आपल्या जिल्ह्यात हे म्हणजे पाचटात काडी टाकणं. २०१९ चा पूर घरात बघितलेलं एक पोर आयर्विन पुलाची ४५ फुटांची धोका पातळी काढणार. जतला मामा असलेलं दुसरं कृष्णेचं पाणी उपसून नेणारी म्हैसाळ योजना काढणार. तिसरं म्हणणार, नदीतून लाखावर क्युसेक चाललंय, त्यातलं पंप उचलणार किती? मागच्या बाकावरून कर्नाटकातलं अलमट्टी धरण येणार, त्यापाठोपाठ पंपांचं वीजबिल. घंटा झाली तरी कुणी उठणार नाही.

प्रश्न विचारलात की लगेच उत्तरही देऊन टाका. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांतली प्रश्नानंतरची शांतता मोजली. शिक्षक सेकंदभरच थांबत होते. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलं बोलली, वर प्रश्नही विचारू लागली. एवढ्या दोन सेकंदांसाठी कोण एवढा उपद्व्याप अंगावर घेईल?

काही शिक्षक आधी दोन मिनिटं वहीत लिहायला लावतात, मग शेजाऱ्याशी बोलायला, मग वर्गापुढे. यात बुजरं पोरही तयार उत्तर घेऊन उभं राहतं. चुकलंच तर चूक दोघांची. हे टाळा. गट पाडायचेच तर दहा-दहाचे पाडा. दोघं बोलतात, आठ जण पेन फिरवतात. चौघांच्या गटात लपायला जागा उरत नाही.

पहिलं बरं उत्तर आलं की 'शाब्बास, बरोब्बर!' म्हणा, तेही मोठ्यानं. वर आलेले बाकीचे हात आपोआप खाली जातात. बरोबर उत्तर सापडल्यावर आणखी बोलायचं काय? 'तुला असं का वाटलं?' किंवा 'हिचं कुणाला पटत नाही?' ही वाक्यं तोंडात येऊ देऊ नका.

इतकं करूनही एखादी उठतेच. 'सर, आमच्यात पाणी आल्तं की, पार...'

इथे थांबवा. 'आल्तं नाही, आलं होतं म्हण.'

'आलं होतं.'

'छान. बस खाली.'

पाणी पार कुठवर आलं होतं, ते राहतं. राहू द्या, पान ४२ उघडायला सांगा.